अझोला खाऊ घातला की दूध दुप्पट? एका खड्ड्याचा सरळ हिशेब

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज मोबाईल नाही, ॲप नाही, एआय नाही. आज आपण एका नेच्याबद्दल बोलणार आहोत. नेचा म्हणजे फर्न. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाला किंवा रतनगडाला गेलात, तर ओल्या कातळाच्या फटीतून नक्षीदार पानं बाहेर आलेली दिसतात ना, तेच कुटुंब. फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या मागं बारीक ठिपके असतात, त्यात बीजाणू असतात, आणि त्यावरच त्यांचा सगळा संसार चालतो.

पण मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो नेचा गडावर भेटत नाही. तो आपल्याकडं गोठ्यामागच्या खड्ड्यात, निळ्या नाहीतर काळ्या ताडपत्रीवरच्या पाण्यात तरंगतो. एकेक रोप नखाएवढं. त्याचं नाव अझोला.

आता नाव ऐकल्यावर नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, अर्धे लोक म्हणतील, अरे हे तर आम्हाला व्हॉट्सॲपवर रोज येतं. बरोबर. 'हिरवं सोनं', 'पेंड बंद करा, दूध दुप्पट करा', 'एकदा खड्डा करा, आयुष्यभर फुकट चारा'. व्हिडिओच्या थंबनेलवर एक गाय, शेजारी दुधाचे कॅन, आणि लाल रंगाचा भलामोठा बाण. अझोलाची ही बाजू आज जरा कॅल्क्युलेटर घेऊन तपासायची आहे. कारण हा नेचा खरंच भन्नाट आहे. त्याच्याबद्दल सांगितलं जातं ते मात्र सगळं खरं नाही, आणि त्यातला फरक थेट शेतकऱ्याच्या खिशाला लागतो.

माझी ओळख नव्या श्रोत्यांसाठी: मी बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो, आणि गावाकडं घरी गाई आहेत. पशुवैद्य मी नाही. पण गुणाकार-भागाकार येतो, आणि आज तेवढाच लागणार आहे.

हा प्राणी आहे तरी काय?

प्राणी म्हणजे वनस्पतीच, बोलायची पद्धत झाली.

अझोलाच्या जगात मोजक्याच जाती आहेत. आपल्याकडची मूळची जात म्हणजे अझोला पिन्नाटा. ती आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंत सापडते. म्हणजे एवढुसं रोप, पण पसारा अर्ध्या जगात. अमेरिकेकडच्या जाती वेगळ्या, आणि त्यातल्या काही आता इकडंही वाढवल्या जातात.

याची गंमत पानाच्या आत आहे. प्रत्येक छोट्या पानाच्या वरच्या पाळीत एक पोकळी असते आणि त्या पोकळीत भाडेकरू राहतात. हे भाडेकरू म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, शास्त्रज्ञ त्याला आता नॉस्टॉक अझोली म्हणतात, जुन्या पुस्तकात ॲनाबेना अझोली असं नाव सापडेल. खरं तर ते जिवाणू आहेत. ते हवेतला नायट्रोजन पकडतात आणि झाडाला वापरता येईल अशा रूपात देतात. बदल्यात अझोला त्यांना घर आणि साखर देतो.

हे केवढं मोठं काम आहे ते बघा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की बहुतेक सजीवांना तो वापरता येत नाही. युरियाच्या कारखान्यात हेच बंध तोडायला चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. अझोलाच्या पानातले जिवाणू तेच काम तुमच्या परसातल्या खड्ड्यात, साध्या उन्हावर करतात.

आणि ही भागीदारी इतकी जुनी आहे की आता दोघांना वेगळं करता येत नाही. कडधान्याच्या मुळावरच्या गाठी तुम्हाला माहीत आहेत. तिथं दर पिढीला नवं बी जमिनीतल्या जिवाणूंशी नव्यानं ओळख करून घेतं. अझोलाचं तसं नाही. तो आपले जिवाणू पुढच्या पिढीला वारशात देतो. २०१० मध्ये या जिवाणूचा जीनोम वाचला गेला, तेव्हा दिसलं की त्याची बरीच जनुकं मोडकळीला आलीत. आमच्या भाषेत डेड कोड. एकट्यानं जगायला लागणारी फंक्शन्स वापरात नाहीत, म्हणून गंजून गेली. नायट्रोजन पकडायचं फंक्शन तेवढं व्यवस्थित चालू.

स्वतः अझोलाचा जीनोम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेच्यांमध्ये पूर्ण वाचले गेलेले पहिले दोन जीनोम म्हणजे अझोला आणि त्याचा भाऊबंद साल्व्हिनिया. त्या कामाची सुरुवात करायला शास्त्रज्ञांनी इंटरनेटवरून चक्क लोकवर्गणी गोळा केली होती. आपल्याकडं गावजत्रेला करतात तशी.

आर्क्टिक ते भातखाचर

अजून एक गोष्ट सांगतो, मग गोठ्याकडं येऊ.

२००४ मध्ये शास्त्रज्ञांनी उत्तर ध्रुवाजवळ, आर्क्टिक महासागराच्या तळाला भोक पाडून गाळाचे नमुने काढले. त्यात साधारण ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या थरात अझोलाचे अवशेष सापडले, तेही ढिगानं. त्या काळी पृथ्वी खूप गरम होती आणि आर्क्टिक हा जवळजवळ बंदिस्त समुद्र होता. वरच्या थरात गोडं पाणी साचायचं आणि त्यावर अझोला वाढायचा. असं सुमारे ८ लाख वर्षं चाललं. मेलेला अझोला तळाशी जाऊन गाडला गेला आणि त्याच्याबरोबर हवेतला कार्बनही गेला. पृथ्वी पुढं थंड होत गेली त्यात या नेच्याचाही हात असावा, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे.

माणसानं त्याला शेतीत आणलं ते भातासाठी. चीनमध्ये सहाव्या शतकात जिया सिशिए नावाच्या लेखकानं शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात अझोलाचा उल्लेख आहे. व्हिएतनाममध्येही भाताच्या पाण्यात अझोला सोडायची जुनी रीत आहे. आपल्याकडं कटकच्या भात संशोधन संस्थेत १९७० च्या दशकापासून यावर काम झालं. जपानमध्ये ताकाओ फुरुनो नावाच्या शेतकऱ्यानं एकाच खाचरात भात, बदकं, मासे आणि अझोला असं एकत्र बसवून दाखवलं.

म्हणजे मूळ वापर खताचा. मग हा गाईच्या दावणीत कसा आला?

तर, कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राचा नार्डेप नावाचा प्रकल्प आहे. तिथं डॉ. कमलासनन पिल्लै आणि सहकाऱ्यांनी साध्या प्लॅस्टिकच्या कागदावर, कमी खर्चात अझोला वाढवायची पद्धत बसवली आणि २००० नंतरच्या काळात ती देशभर पसरली. नेहमीच्या खाद्याबरोबर रोज दीड-दोन किलो अझोला दिल्यावर दूध १५ ते २० टक्के वाढलं, अशी नोंद त्यांच्या लेखात होती. लक्षात घ्या, 'नेहमीच्या खाद्याबरोबर'. आणि १५ ते २० टक्के. व्हॉट्सॲपवर येता येता 'बरोबर' गळालं आणि १५ चे १०० झाले.

आता कॅल्क्युलेटर काढा

मागच्या महिन्यात माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो गावाकडं गोठा बघतो. म्हणाला, "दादा, चार खड्डे करतोय अझोलाचे. सरकी पेंड निम्मी करून टाकतो."

मी म्हटलं, "थांब जरा. एका खड्ड्यातून रोज किती निघतो?"

"अर्धा किलो निघतो म्हणतात."

"मग चार खड्ड्यांचे दोन किलो. त्या दोन किलोत पाणी किती?"

तो गप्प. कारण व्हिडिओत हे कुणी सांगतच नाही.

चला, आपणच करू. ताज्या अझोलात ९३ ते ९५ टक्के पाणी असतं. म्हणजे एक किलो अझोला वाळवला तर ५० ते ७० ग्रॅम उरतो. आपण ६० धरू. या वाळलेल्या भागात प्रथिनं साधारण २० ते २५ टक्के, म्हणजे प्रोटीन हो. आपण उदार होऊन २४ टक्के धरू. ६० ग्रॅमचे २४ टक्के म्हणजे साडेचौदा ग्रॅमच्या आत.

एक किलो ताजा अझोला, प्रथिनं १४ ग्रॅम. हा आकडा लिहून ठेवा.

आता सरकी पेंड. एक किलोत साधारण २२ टक्के प्रथिनं, म्हणजे २२० ग्रॅम. आणि लसूण घास, ज्याला आपल्याकडं नुसतं 'घास' म्हणतात, त्यात पाणी ८० टक्के आणि कोरड्या भागात प्रथिनं २० टक्के धरली तर एका किलोत ४० ग्रॅम.

म्हणजे एक किलो घासाची बरोबरी करायला पावणेतीन किलो अझोला लागतो. आणि एक किलो सरकी पेंडीची बरोबरी करायला १५ किलो. पंधरा!

जाहिरातीत काय लिहितात? 'अझोलात २५ टक्के प्रथिनं, पेंडीत २२ टक्के, म्हणून अझोला भारी.' दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त एक आकडा वाळवलेल्या मालाचा आहे आणि दुसरा पोत्यातून काढलेल्या मालाचा. गाय खाते ओला अझोला. ही तुलना म्हणजे एकाचा पगार वर्षाचा आणि दुसऱ्याचा महिन्याचा घेऊन कोण श्रीमंत ते ठरवण्यासारखं झालं.

पुढं जाऊ. १५ लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला दीड किलोच्या पुढंच प्रथिनं लागतात. तिच्या स्वतःच्या शरीराला काही, आणि दर लिटर दुधामागं ८५-९० ग्रॅम. चार खड्ड्यांच्या दोन किलो अझोलातून तिला मिळणार २९ ग्रॅम. दीड किलोतले २९ ग्रॅम म्हणजे जेमतेम दोन टक्के.

पैशात सांगू? २९ ग्रॅम प्रथिनं म्हणजे साधारण १३० ग्रॅम सरकी पेंड. पेंडीचा भाव किलोला ३५ रुपये धरा, तुमच्या गावचा भाव वेगळा असेल तर तो टाका. साडेचार रुपये. चार खड्ड्यांतून रोजची बचत साडेचार रुपये, म्हणजे एका खड्ड्याची सव्वा रुपयाच्याही आत.

आता समजा एका खड्ड्याला ताडपत्री, विटा, शेडनेट धरून १५०० रुपये गेले. तर नुसती ती रक्कम फिटायला साडेतीन वर्षं. रोजची पंधरा-वीस मिनिटांची मेहनत यात धरलेलीच नाही. आणि तोपर्यंत ती ताडपत्री टिकली तर.

भावाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग पेंड निम्मी केली असती तर?" तर काय, चार-आठ दिवसांत डेअरीत माप कमी भरलं असतं.

हे एवढं ताणून का सांगतोय

कारण दुधाच्या धंद्यात चूक करायला जागाच नाही. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी, अकोले, या पट्ट्यात घराघराचा रोजचा पैसा दुधाचा आहे. ऊस वर्ष-दीड वर्षानं पैसे देतो, कांद्याचं काही सांगता येत नाही, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो. त्यातच किराणा, त्यातच शाळेची फी, त्यातच मोबाईलचा रिचार्ज.

आणि दर आपल्या हातात नाही. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून, आणि तेव्हा रस्त्यावर दूध ओतलेलं सगळ्या देशानं पाहिलं. २०२३ च्या शेवटी दर पुन्हा इतके पडले की जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारला लिटरमागं ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. दूध काढायच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग खाद्याचा. म्हणून 'खाद्य फुकटात' असं कुणी म्हटलं की माणूस धावतोच. त्यात भोळेपणा नाही, गरज आहे. आणि त्या गरजेवर व्ह्यूज मिळतात.

म्हणून आपल्या घरात जो कोणी स्मार्टफोन नीट वापरतो, त्याच्यावर हे काम आहे. आई-वडिलांना, काका-मामांना फॉरवर्ड आला की हिशेब करून दाखवायचा. भांडायचं नाही. 'आप्पा, आकडे टाकून बघू' एवढंच म्हणायचं.

मग दूध वाढलं म्हणणारे खोटं बोलतात का?

नाही. आणि हा भाग महत्त्वाचा आहे.

गाय नुसत्या उसाच्या वाढ्यावर आणि कडब्यावर असेल, तर तिच्या अंगात खनिजांची कमतरता असू शकते. वाढ्यातले ऑक्झलेट कॅल्शियम अडकवतात, हे पशुवैद्य कायम सांगतात. अशा गाईला हिरवं, खनिजं आणि जीवनसत्त्वं असलेलं काहीही थोडं जरी मिळालं तरी फरक दिसू शकतो. अझोलात खनिजं भरपूर आहेत, हे खरं.

पण तीच कमतरता असेल तर रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण हा सोपा उपाय आहे, आणि त्याला खड्डा खणावा लागत नाही. आधी ते चालू आहे का बघा. मुरघास आहे का, घास आहे का, चोवीस तास स्वच्छ पाणी आहे का, बघा. हे चार प्रश्न सुटले की मग अझोलाकडं या.

दुसरी गोष्ट, ज्या माणसानं अझोला सुरू केला तो त्याच आठवड्यात गोठ्याकडं जास्त लक्षही देतो. वेळेवर खाद्य, वेळेवर पाणी. दूध कशामुळं वाढलं हे मग कसं कळणार? आमच्याकडं सॉफ्टवेअरमध्ये एक नियम आहे, एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केले तर कशानं काय झालं ते सापडत नाही. गोठ्यातही तेच. चार गाई असतील तर दोघींना द्या, दोघींना नको, आणि पंधरा दिवस वहीत माप लिहा. यूट्यूबपेक्षा ती वही जास्त खरी.

नगरचं ऊन आणि नगरचं पाणी

अझोलाला २० ते ३० अंश तापमान मानवतं. म्हणजे आपल्याकडं पावसाळा आणि हिवाळ्याचा बराच भाग ठीक. तेव्हा तो पाच-सात दिवसांत दुप्पट होतो. पण ३५ च्या वर गेलं की वाढ मंदावते, पानं लालसर पडतात, आणि एप्रिल-मेच्या चाळिशीत उघड्यावरचा अझोला सरळ कुजतो. म्हणून शेडनेट नाहीतर झाडाची सावली हवीच. बोअरचं पाणी खारं किंवा फार जड असेल तरीही तो नीट वाढत नाही.

आता पाणी. दोन मीटर बाय दोन मीटरचा खड्डा, दहा सेंटिमीटर पाणी, म्हणजे ४०० लिटर. त्यातलं पाव ते तीस टक्के दर दहा दिवसांनी बदलायचं. वर मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं, तर एका खड्ड्यातून रोज ४० लिटर. सावलीत थोडं कमी. चार खड्डे म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास. घासही पाणी पितोच, ते मान्य. पण पाथर्डी किंवा पारनेरच्या ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट बघतात, तिथं वाढ थांबलेल्या अझोलासाठी हे पाणी घालायचं का, हा विचार आपला आपण करा. उन्हाळ्यात खड्डा बंद ठेवून, सावलीतल्या एका टबमध्ये थोडा अझोला जिवंत ठेवायचा आणि पावसाळ्यात परत वाढवायचा, हा मार्ग मला जास्त पटतो.

मग कुणी करावा?

आता चांगली बाजू. अझोला तीन ठिकाणी खरोखर कामाचा आहे.

पहिलं, ज्यांच्याकडं जमीनच नाही. जागेच्या हिशेबात अझोला घासाला मागं टाकतो. वर्षभर नीट चालला, तर एका गुंठ्यातून अझोलाची प्रथिनं साधारण ६५ किलो. घासाचं वर्षाला गुंठ्यामागं एक टन उत्पादन धरलं तर ४० किलो. आणि अझोलाला माती लागत नाही, खडकावर, गच्चीवर, अंगणात चालतो. दोन शेळ्या आणि घरामागं मोकळी जागा एवढंच ज्यांच्याकडं आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब वेगळा आहे.

दुसरं, परसातल्या गावरान कोंबड्या. एका खड्ड्याचा अर्धा किलो अझोला गाईच्या गरजेच्या अर्धा टक्का. तोच अर्धा किलो दहा कोंबड्यांना दिला तर त्यांच्या गरजेच्या पाच टक्क्यांच्या आसपास. वर ताजं हिरवं खाणं, आणि अंड्याचा बलकही जास्त पिवळा होतो. खड्डा एकच, पण योग्य जनावर निवडलं की फायदा दहापट.

तिसरं, भात. आणि इथं आपल्या जिल्ह्याचं पश्चिम टोक येतं. नगर शहराकडं पाऊस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, आणि अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडं त्याच्या कितीतरी पट. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला काळभातासारख्या जुन्या जाती अजून खाचरात आहेत. खाचरात अझोला सोडला तर वाहून आणायचा नाही, धुवायचा नाही, आणि त्यातलं ९४ टक्के पाणी हा तोटा राहत नाही. तो तिथंच वाढतो, तणाला उजेड मिळू देत नाही, आणि चिखलात मिसळला की नत्र देतो. हेक्टरभर पाण्यावर दहा टन ताजा अझोला पसरला असेल, तर त्यात २३ किलोच्या आसपास नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत साधारण तेवढंच असतं.

इथंही हिशेब प्रामाणिक ठेवू. ती गोणी शेतकऱ्याला २६६ रुपयांच्या आसपास मिळते, कारण बाकीचा भार सरकार उचलतं. म्हणजे रोखीत बचत फार नाही. पण ज्यांना रासायनिक खत टाकायचंच नाही, भात तसा विकायचा आहे, त्यांच्यासाठी ही गोणी पाण्यावर फुकट तरंगते आहे. फक्त जिथं आषाढात बांधावरून पाणी धो-धो वाहतं त्या खाचरात तो टिकणार नाही. पाणी थांबतं अशी खाचरं निवडायची.

करायचाच असेल तर असा करा

पटकन सांगतो, स्क्रीनशॉट काढा.

दोन बाय दोन मीटर, वीसेक सेंटिमीटर खोल वाफा. विटांचा केला तरी चालेल, पण तळ सपाट हवा. त्यावर सिलपॉलिन. दहा ते पंधरा किलो चाळलेली सुपीक माती सारखी पसरायची. दोन किलो शेण आणि ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट दहा लिटर पाण्यात कालवून ओतायचं. मग पाणी दहा सेंटिमीटरपर्यंत. त्यावर अर्धा ते एक किलो ताजा अझोला सोडायचा. दहा-पंधरा दिवसांत वाफा भरतो, मग रोज अर्धा किलो काढायचा. काढलाच पाहिजे, नाहीतर दाटी होऊन कुजतो. दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट. नत्र तो हवेतून घेतो, पण फॉस्फरस हवेत नाही, तो आपणच द्यायचा. महिन्यानं पाच किलो माती बदलायची, सहा महिन्यांनी सगळा वाफा नवा. काढलेलं पाणी भाजीला घाला, ते उत्तम खत आहे.

जनावराला देताना जाळीच्या ट्रेमध्ये स्वच्छ पाण्यानं धुऊन, शेणाचा वास जाईपर्यंत. सुरुवातीला भुश्श्यात मिसळून.

तीन सावधगिऱ्या. एक, 'अझोलाचं वाळलेलं बी' म्हणून कुणी पुडी विकत असेल तर घेऊ नका. सुरुवातीलाच सांगितलं, नेच्याला बी नसतं. अझोला ताजा, हिरवा, जिवंतच घ्यायचा. शेजाऱ्याकडून ओंजळभर मिळाला तरी पुरतो. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथं आपल्या जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथं विचारा. दोन, कीड पडली तर वाफ्यात कीटकनाशक टाकू नका, ते गाईच्या पोटात आणि तिथून दुधात जाऊ शकतं. वाफा रिकामा करून नवा भरा. तीन, उरलेला अझोला ओढ्यात, तळ्यात, माशांच्या शेततळ्यात फेकू नका. पाणी पूर्ण झाकलं की खाली उजेड आणि हवा कमी पडते. त्याचाच भाऊबंद साल्व्हिनिया केरळात इतका माजला होता की शेवटी त्याला खाणारा भुंगा बाहेरून आणावा लागला.

आणि एक शेवटचं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं 'पशु पोषण' नावाचं ॲप आहे. गाईचं वजन, दूध, फॅट आणि तुमच्याकडं काय खाद्य आहे ते टाकलं की संतुलित आहार काढून देतं. पुढचा व्हिडिओ बघण्याआधी दहा मिनिटं त्याला द्या.

तर मंडळी, थोडक्यात सांगायचं तर अझोला खोटा नाही. ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी ज्यानं अख्खा समुद्र झाकला, त्याला आपण 'पेंडीचा पर्याय' म्हणून विकतोय, तिथं गडबड आहे. कोंबडीला द्या, शेळीला द्या, भाताला द्या. गाईला वरून मूठभर द्यायला हरकत नाही. पण पेंड कमी करण्याआधी त्यातलं पाणी वजा करा.

घरी कुणी खड्डा केला असेल तर रोज किती निघतो, उन्हाळ्यात टिकला का, दूध मोजलं का, हे मला व्हॉइस नोट करून पाठवा. माप लिहिलेलं असेल तर फारच छान, पुढच्या एका भागात आपण तुमचेच आकडे घेऊन बोलू. आणि हा भाग त्या काकांना नक्की पाठवा, ज्यांनी तुम्हाला तो लाल बाणवाला व्हिडिओ पाठवला होता.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या. राम राम.